सामूहिक आकलन: यंत्रांनी एकमेकांना काय सांगावे

कॅमेरा, रडार किंवा लायडार यांपैकी कोणताही संवेदक कितीही सुधारला, तरी त्याला समोरच्या ट्रकच्या पलीकडचे किंवा वळणाआडचे दिसत नाही, कारण ही मर्यादा त्याच्या घडणीची नसून त्याच्या जागेची आहे. ती ओलांडायची तर ज्याला तेथून दिसते त्याने, ज्याला दिसत नाही त्याला, बिनतारी संदेशाने वेळेत कळवावे लागते. वाहने, रस्त्याकडेचे खांब, मोबाइल जाळ्याची बेस स्टेशने, हातातले फोन, गोदामांतले यंत्रमानव अशा निरनिराळ्या केंद्रांनी आपापल्या संवेदकांना जे आढळले ते परस्परांना पुरवावे आणि प्रत्येकाने त्यातून भोवतालचे अधिक पूर्ण चित्र उभारावे, या व्यवस्थेला सामूहिक आकलन म्हटले जाते. आकलन म्हणजे येथे संवेदकाच्या कच्च्या मोजमापातून वस्तू, तिचे स्थान, तिचा वेग आणि प्रकार ओळखण्याची क्रिया. या विषयावरचे सर्वाधिक काम वाहनांच्या संदर्भात झाले असल्याने हा आढावाही मुख्यतः रस्त्यावरच राहतो. या कामाचा एकूण ओघ पाहता, संदेश किती मोठा आणि किती जलद पाठवता येईल हा प्रश्न आरंभी मध्यवर्ती होता. आता त्याची जागा त्याहून अवघड प्रश्नाने घेतली आहे. जे पाहिले ते किती खात्रीने आणि केव्हा पाहिले, आणि जे दिसले नाही ते तेथे नव्हते म्हणून की झाकलेले होते म्हणून, हे पाठवणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगायचे कसे, हा तो प्रश्न होय.

प्रश्न नवा नाही. १९४० मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरील ‘चेन होम’ रडार केंद्रांना विमानाचे अंतर बऱ्यापैकी अचूक कळत असे, परंतु दिशा कच्ची कळत असे. शिवाय ही केंद्रे समुद्राकडे तोंड करून उभी असल्याने विमान किनारा ओलांडून आत आले की पुढचे काम डोळ्यांनी पाहणाऱ्या निरीक्षक दलाकडे जाई. या केंद्रांचे अहवाल थेट लढाऊ विमानांच्या नियंत्रण कक्षाकडे न जाता आधी बेंटली प्रायरी येथील गाळणी कक्षात येत, तेथे दोन केंद्रांनी दिलेल्या अंतरांचे छेदनबिंदू काढून दिशेतील चूक कमी केली जाई, आणि दोन केंद्रांनी कळवलेली तुकडी एकच आहे की वेगळी, याचा निवाडा करूनच चित्र पुढे सांगितले जाई. आजच्या सामूहिक आकलनातील बहुतेक अडचणी, म्हणजे परस्परविरोधी साक्षी, एकाच वस्तूची दुहेरी नोंद, संदेश पोहोचेपर्यंत वस्तूचे पुढे सरकणे, या त्या कक्षातील टेबलावर माणसांनी हाताने सोडवल्या होत्या. पुढे १९६० मध्ये रुडॉल्फ काल्मान यांनी मांडलेल्या गाळणी-सूत्राने अनिश्चित मोजमापांतून सरकत्या वस्तूचा अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारत नेण्याची गणिती रीत मिळाली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या सहकारी प्रतिकार व्यवस्थेत प्रत्येक जहाज आपल्या रडारची प्रक्रिया न केलेली मोजमापे इतर जहाजांना देऊ लागले, जेणेकरून सर्व जहाजांवर एकच सूत्र चालून एकच चित्र तयार व्हावे. मात्र त्या जहाजांचा मालक एक, बनावटीची शिस्त एक आणि संख्याही मोजकी होती. रस्त्यावर यांपैकी एकही सोय नसते.

वाहनांमधील बिनतारी संवादाची पहिली पिढी स्वतःपुरते बोलणारी होती. युरोपच्या दूरसंचार प्रमाणक संस्थेने, म्हणजे ‘एट्सी’ने, ठरवलेल्या सहकारी जाणीव संदेशात वाहन स्वतःचे स्थान, दिशा आणि वेग सेकंदाला एक ते दहा वेळा जाहीर करते; मागील संदेशानंतर वाहन ४ मीटरहून अधिक सरकले, त्याचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक बदलला किंवा दिशा ४ अंशांहून अधिक वळली, तर नवा संदेश निघतो. अमेरिकेतील मूलभूत सुरक्षा संदेशाचा हेतूही हाच. या रचनेत एक दोष मुळातच होता. शंभरांतील दहा वाहनांतच यंत्रणा असेल, तर सहज समोरासमोर आलेल्या दोन वाहनांपैकी दोघांकडेही ती असण्याची शक्यता केवळ एक टक्का उरते, आणि ज्यांच्याकडे यंत्रणा कधीच येणार नाही ते पादचारी, सायकलस्वार आणि जनावरे या संवादाच्या बाहेरच राहतात. फोक्सवागन कंपनीने २०१९ मध्ये आलेल्या गोल्फच्या आठव्या पिढीत अशी यंत्रणा मूळ साधन म्हणून दिली, हे महत्त्वाचे पाऊल होते. तरी ज्यांना धोका सर्वाधिक त्यांचा आवाज या व्यवस्थेत नव्हता.

सामूहिक आकलन संदेश हा दोष दूर करतो, कारण त्यात वाहन स्वतःविषयी नव्हे तर आपल्याला दिसलेल्या इतरांविषयी बोलते. या संदेशाचा पाया घालणारा अहवाल ‘एट्सी’ने २०१९ च्या अखेरीस काढला, आणि त्याचे रीतसर प्रमाणक २०२३ मध्ये आले, अमेरिकेत वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने संवेदक-माहितीच्या वाटपाचे आपले प्रमाणक २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. युरोपीय संदेशात पाठवणाऱ्याचे स्थान, त्याच्या संवेदकांचे वर्णन आणि आढळलेल्या वस्तूंची यादी असते. संवेदकांचे वर्णन सेकंदातून एकदा पुरते, पण वस्तूंची निवड अधिक काटेकोर असते. वस्तू ४ मीटर सरकली, तिचा वेग किंवा दिशा वर सांगितलेल्या प्रमाणात बदलली, अथवा तिचा उल्लेख होऊन एक सेकंद उलटला, तरच ती पुन्हा यादीत येते. माणसे आणि जनावरे यांच्यासाठी नियम वेगळा आहे: त्यांपैकी एकाचाही उल्लेख गेल्या अर्ध्या सेकंदात झाला नसेल, तर दिसणाऱ्या सर्वांचा उल्लेख एकदम करावा, असे २०१९ च्या अहवालात सुचवले आहे, कारण उभे असलेले मूल पुढच्या क्षणी कोठे धावेल हे त्याच्या आताच्या वेगावरून सांगता येत नाही. संपूर्ण प्रमाणकातील सर्वांत शहाणा नियम कदाचित हाच आहे, कारण येथे संदेशाची वारंवारिता ठरवताना यंत्राच्या सोयीपेक्षा वस्तूच्या नाजूकपणाचा विचार झाला आहे.

या संदेशातला दुसरा, तितकाच मोलाचा भाग म्हणजे मोकळ्या जागेची माहिती. वस्तूंच्या यादीत एखादा पादचारी नसेल, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? तेथे कोणी नाही, असे समजणे धोक्याचे आहे, कारण पाठवणाऱ्याचा संवेदक त्या दिशेला पाहतच नसेल, किंवा मध्ये उभ्या असलेल्या बसमुळे त्याला तो भाग दिसलाच नसेल. म्हणून संवेदकाची दिशा, कोन आणि पल्ला यांचे वर्णन देऊन त्यातला कोणता भाग तपासला आणि तो मोकळा आढळला, हेही कळवण्याची सोय करावी लागते. न दिसणे आणि नसणे यांतील हा भेद संदेशात राखला नाही, तर सामूहिक आकलन एकट्याच्या आकलनापेक्षा वाईट ठरू शकते, कारण आंधळा भाग आहे हे माहीत असलेला चालक जपून जातो, आणि तो भाग दुसऱ्याने पाहिला आहे असा खोटा दिलासा मिळालेला चालक तसा जपत नाही. संशोधनात वस्तू अचूक ओळखण्यावर जेवढा भर दिला गेला, तेवढा मोकळ्या जागेच्या खात्रीवर दिला गेला नाही, ही या क्षेत्रातील ठळक उणीव म्हणावी लागेल.

वाटून घ्यायचे ते नेमके काय, यावरून संशोधनाच्या तीन वाटा पडल्या आहेत. कच्ची मोजमापे द्यावीत, प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावरची लक्षणे द्यावीत, की अखेरचे निष्कर्ष म्हणजे वस्तूंची यादी द्यावी? कच्च्या मोजमापांचे आकर्षण उघड आहे, कारण एकट्या वाहनाला दूरच्या माणसावरून परत आलेले चार बिंदू ओळखीला अपुरे वाटतील, पण दुसऱ्याच्या दहा बिंदूंशी त्यांची सांगड घातली की माणूस ओळखू येईल. २०१९ मधील ‘कूपर’ या कामाने लायडारचे बिंदू-समूह थेट एकत्र करून असा लाभ होतो हे दाखवले. परंतु हिशेब मांडला की अडचण कळते. चौसष्ट किरणांचा एक लायडार सेकंदाला सुमारे १३ लाख बिंदू देतो, आणि प्रत्येक बिंदूला तीन निर्देशांक व परावर्तनाची तीव्रता यांसाठी १६ बाइट धरले, तर एका संवेदकाचा प्रवाह सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट होतो, तर वाहनांसाठीच्या वायफाय-सदृश तंत्रात १० मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीचा नेहमीचा वेग सेकंदाला ६ मेगाबिट असतो, आणि तोही परिसरातील सर्वांनी मिळून वापरायचा असतो.

म्हणून मधली वाट पुढे आली. लायडारच्या बिंदूंवरून किंवा कॅमेऱ्याच्या चित्रावरून कृत्रिम न्यूरल जाळे वस्तू ओळखते, तेव्हा मधल्या थरांत जी संख्यात्मक लक्षणे तयार होतात, ती संक्षिप्त करून पाठवावीत आणि ऐकणाऱ्याने आपल्या लक्षणांत मिसळून मगच निष्कर्ष काढावा, अशी ही कल्पना आहे. २०२० मधील ‘व्हीटूव्हीनेट’ने ती वाहनांसाठी मांडली, आणि २०२२ मधील ‘व्हेअरटूकॉम’ने तिच्यात एक सुंदर सुधारणा केली: प्रत्येक केंद्राने आपल्या खात्रीचा नकाशा काढावा, आणि जेथे वस्तू असण्याची शक्यता मोठी आहे पण ऐकणाऱ्याची खात्री कमी आहे, तेवढ्याच जागेची लक्षणे पाठवावीत. परिसराचा बहुतांश भाग रिकामा रस्ता आणि भिंती यांचा असल्यामुळे अशा निवडीने पाठवायची माहिती फार मोठ्या प्रमाणावर घटते. तरीही या वाटेवर एक अडथळा ठाण मांडून आहे. लक्षणे ही त्या त्या न्यूरल जाळ्याची खासगी भाषा असते. एका उत्पादकाच्या जाळ्यातील संख्या दुसऱ्याच्या जाळ्याला अर्थहीन असतात, आणि जाळ्याची नवी आवृत्ती आली की कालची भाषाही बदलते. सर्व उत्पादकांनी एकच जाळे वापरावे ही अपेक्षा व्यवहारात टिकणारी नाही, आणि जुळवणीचे दुभाषी थर बसवण्याचे प्रयत्न अजून प्रयोगशाळेच्या बाहेर पडलेले नाहीत. प्रमाणक समित्यांनी वस्तूंची यादी हीच तिसरी वाट स्वीकारली, ती या कारणाने योग्यच ठरते, कारण जागा, वेग, आकार, प्रकार आणि त्यांतील अनिश्चितता ही भाषा कोणत्याही बनावटीच्या यंत्राला कळते. मात्र त्या बदल्यात, एकट्याला न ओळखता आलेली वस्तू दोघांनी मिळून ओळखण्याची संधी हातची जाते, हेही मान्य केले पाहिजे.

या संशोधनाचा मोठा भाग संगणकातील कृत्रिम रस्त्यांवर घडला आहे. ‘ओपीव्हीटूव्ही’ हा २०२२ मध्ये आलेला आणि सर्वत्र वापरला जाणारा माहितीसंच संपूर्णपणे कृत्रिम आहे. त्यात प्रत्येक वाहनाला आपले स्थान तंतोतंत माहीत असते आणि संदेश क्षणात पोहोचू शकतो. त्याच वर्षी बीजिंगमधील स्वयंचलित वाहनांच्या प्रात्यक्षिक क्षेत्रातून ‘डेअर-व्हीटूएक्स’ हा ७१,२५४ लायडार व कॅमेरा चौकटींचा खरा माहितीसंच आला, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत दोन वाहनांनी ४१० किलोमीटर फिरून गोळा केलेला ‘व्हीटूव्ही४रिअल’ आला. खऱ्या रस्त्यावर काम करताच दोन जुने शत्रू पुन्हा उभे राहतात, जागेची चूक आणि वेळेची चूक. दुसऱ्याने सांगितलेली वस्तू आपल्या नकाशावर मांडण्यासाठी त्याचे स्थान आणि तोंड नेमके कोठे होते हे कळावे लागते. त्याच्या दिशेत केवळ एका अंशाची चूक असेल, तर शंभर मीटरवरील वस्तू पावणेदोन मीटर सरकते, म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या मार्गिकेच्या मध्यावरचा दुचाकीस्वार मार्गिकेच्या कडेला जाऊन बसतो. वेळेचेही तसेच आहे: ताशी १०० किलोमीटरने धावणारे वाहन दशांश सेकंदात २.८ मीटर पुढे जाते, त्यामुळे प्रत्येक मोजमापावर ते केव्हा घेतले याची नोंद हवी आणि सर्वांची घड्याळे उपग्रहांच्या वेळेशी बांधलेली हवीत. बोगद्यात, उंच इमारतींच्या दाटीत किंवा घाटात उपग्रहांचे संकेत बिघडतात. आणि सामूहिक आकलनाची गरज सर्वांत जास्त असते, ती नेमकी अशाच जागी.

माध्यमाच्या मर्यादेचा इतिहास सरकारी निर्णयांतून घडला. अमेरिकेच्या संचार आयोगाने १९९९ मध्ये ५.९ गीगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा वाहतुकीसाठी राखून ठेवला, परंतु दोन दशकांत त्याचा वापर फारसा वाढला नाही, आणि २०२० मध्ये त्यातील ४५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरासाठी देऊन केवळ ३० मेगाहर्ट्झ वाहतुकीकडे ठेवला गेला, तोही मोबाइल तंत्रावर आधारित संवादासाठी. युरोपने २००८ मध्ये ३० मेगाहर्ट्झ राखून २०२० मध्ये तो पट्टा वाढवला. चीनने २०१८ मध्ये २० मेगाहर्ट्झ दिला. वायफाय-कुळातील तंत्र आणि मोबाइल-कुळातील तंत्र यांच्यातील दीर्घ वादात बराच काळ गेला, आणि त्या वादाने वाहन उत्पादकांना वाट पाहण्याचे निमित्त दिले, असे म्हणणे वावगे होणार नाही. मोबाइल-कुळाच्या बाजूने, २०२० मध्ये पूर्ण झालेल्या प्रमाणकांच्या सोळाव्या आवृत्तीत वाहनांना टॉवरखेरीज थेट एकमेकांशी, एकास एक किंवा गटाशी बोलण्याची आणि संदेश मिळाल्याची पोच मागण्याची सोय झाली. त्याच प्रमाणक मालिकेत विस्तारित संवेदक हा वापराचा स्वतंत्र प्रकार गणला असून, त्यासाठी सेकंदाला १००० मेगाबिटपर्यंतच्या वेगाची अपेक्षा नोंदवलेली आहे. ही अपेक्षा आणि आज हाती असलेला पट्टा यांत मोठी दरी आहे.

वस्तूंच्या यादीचा संदेश लहान असला तरी गर्दीत तोही जड होतो. प्रत्येक संदेश हजार बाइटांचा आणि सेकंदाला दहा वेळा धरला, तर एका वाहनाला सेकंदाला ८० किलोबिट लागतात. एकमेकांच्या टप्प्यात अशी शंभर वाहने आली की मागणी ८ मेगाबिट होते, आणि ६ मेगाबिटांची वाहिनी गुदमरते. त्यात भर म्हणजे एकाच बसविषयी वीस वाहने बोलत राहतात. स्पेनमधील एल्चे येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, वर सांगितलेल्या निवडीच्या नियमांमुळे वाहने एक-दोन वस्तूंचे छोटे छोटे संदेश वारंवार पाठवत बसतात आणि प्रत्येक संदेशाचे शीर्षक व स्वाक्षरी यांचाच भार वाढतो. लवकरच पाठवाव्या लागणार असलेल्या वस्तू आताच्याच संदेशात आणून ठेवल्या, तर हा अपव्यय कमी होतो. इतरांनी नुकतीच कळवलेली वस्तू वगळणे, स्वतःच बोलू शकणारे वाहन वगळणे, किंवा आपल्यामुळे ऐकणाऱ्याच्या खात्रीत किती भर पडेल हे मोजून मगच बोलणे, असेही उपाय सुचवले गेले आहेत.

या उपायांच्या मागचा सिद्धान्त माहितीचे वय या संकल्पनेत सापडतो. ऐकणाऱ्याजवळ असलेली सर्वांत ताजी माहिती किती जुनी आहे, हे तिचे वय. ही कल्पना २०११-१२ च्या सुमारास वाहनांच्या जाळ्यांचा अभ्यास करतानाच पुढे आली, आणि तिच्या कर्त्यांत दिल्लीच्या आयआयआयटीमधील संजित कौल यांचा समावेश होता. सामान्य समजूत अशी की जितके वारंवार पाठवावे तितकी माहिती ताजी राहील. या संशोधकांनी दाखवले की तसे नाही, कारण फार पाठवले तर संदेशांची रांग लागते आणि रांगेतच ते शिळे होतात, फार क्वचित पाठवले तर दोन संदेशांच्या मधल्या काळात माहिती शिळी होते. रांगेच्या सर्वांत साध्या प्रतिमानात वाहिनी सुमारे ५३ टक्के व्यग्र असताना माहिती सर्वाधिक ताजी राहते. मार्गाचा अर्धा भाग मोकळा सोडण्यातच ताजेपणा आहे, हा निष्कर्ष जाळ्याच्या पुरेपूर वापराची सवय असलेल्या अभियंत्यांना विचारात पाडणारा होता.

आलेल्या साक्षी एकत्र करताना होणारी सर्वांत सूक्ष्म चूक दुहेरी मोजणीची आहे. अ या वाहनाने एक पादचारी पाहिला आणि ब ला सांगितले. ब ने आपल्या चित्रात तो समाविष्ट करून क ला कळवले. क ला अ चा संदेशही मिळाला होता, म्हणून त्याला वाटले की दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या, आणि त्याची खात्री अकारण दुणावली. गावात एकच वावडी तीन तोंडांनी कानावर आली की ती खरी वाटू लागते, तसाच हा प्रकार आहे, आणि काल्मान यांचे सूत्र मोजमापे स्वतंत्र आहेत असे गृहीत धरत असल्याने ते या फसवणुकीला सहज बळी पडते. १९९७ मध्ये सायमन ज्युलियर आणि जेफ्री उलमन यांनी यावर उपाय दिला. अंदाजातील अनिश्चितता आणि तिच्या घटकांतील परस्परसंबंध दाखवणाऱ्या सारणीला सहप्रचरण म्हणतात; दोन अंदाजांमध्ये किती संबंध आहे हे माहीत नसताना त्यांची सहप्रचरणे अशा भारांनी एकत्र करावीत की संबंध कोणताही असला तरी अंतिम खात्री वाजवीपेक्षा जास्त होऊ नये, अशी ही रीत आहे. तिची किंमत म्हणजे साक्षी खरोखर स्वतंत्र असल्या तरी त्यांचा पूर्ण लाभ घेता येत नाही. सुरक्षेच्या व्यवस्थेत ही किंमत मोजावी असेच म्हणावे लागेल. आणि त्याबरोबर, वाहनाने स्वतः पाहिलेले तेवढेच सांगावे, ऐकीव पुढे ढकलू नये, हा साधा शिरस्ताही पाळला पाहिजे, कारण गणिताने जे कष्टाने साधते ते या शिरस्त्याने बरेचसे आपोआप साधते.

विश्वासाचा प्रश्न याहून कठीण आहे. प्रत्येक संदेशावर गुप्तलेखन-शास्त्राने बनवलेली स्वाक्षरी असते, आणि वाहनाचा माग काढता येऊ नये म्हणून तिच्यामागील प्रमाणपत्रे ठरावीक काळाने बदलत राहतात. परंतु स्वाक्षरीवरून एवढेच कळते की संदेश अधिकृत यंत्रातून निघाला आणि वाटेत बदलला गेला नाही. त्या यंत्राचा कॅमेरा तिरका झाला असेल, रडार चिखलाने माखला असेल किंवा कोणी मुद्दाम रस्त्यावर नसलेली वस्तू घुसवली असेल, तर स्वाक्षरी तितकीच खरी राहते. मधल्या लक्षणांच्या वाटपात तर अगदी किंचित फेरफार करून दुसऱ्याच्या चित्रातून वाहन गायब करता येते, हे संशोधकांनी दाखवले आहे. यावरचे उपाय साक्षींच्या परस्पर तपासणीतून येतात: मी ज्याला मोकळी जागा म्हणतो तेथे तू वस्तू दाखवतोस, तर आपल्यापैकी एक चुकतो आहे, एवढे तरी निश्चित होते. मोकळ्या जागेची माहिती येथेही कामी येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खासगीपणाचा प्रश्नही या तंत्राने वेगळ्या रूपात आणला आहे, कारण स्वतःविषयी बोलणाऱ्या वाहनाच्या मालकाने निदान यंत्र विकत घेतलेले असते, पण ज्या पादचाऱ्याची जागा आणि गती सेकंदाला दोनदा प्रसारित होते त्याला कोणी विचारलेले नसते. त्याची ओळख न पाठवता केवळ आकार, जागा आणि वेग पाठवणे हा संदेशाच्या रचनेतच असलेला संयम त्यामुळे फार महत्त्वाचा ठरतो.

आता जाळे स्वतःच संवेदक होऊ पाहत आहे. टॉवरमधून निघालेल्या लहरी वस्तूंवरून परावर्तित होऊन येतात, आणि त्यांच्या विलंबावरून अंतर, वारंवारितेतील बदलावरून वेग काढता येतो. म्हणजे संवादासाठी पसरवलेल्या लहरींतूनच रडारचे काम साधते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ मध्ये सहाव्या पिढीच्या चौकटीत संवेदन आणि संवाद यांचे एकीकरण हा सहा मुख्य वापरांपैकी एक मानला आहे. वायफायच्या कुळातही संवेदनाची जोड देणारे प्रमाणक तयार झाले असून, त्यात एखाद्या साध्या उपकरणाने प्रवेशबिंदूला आपल्या वतीने पाहण्याची विनंती करावी आणि निष्कर्ष मागवून घ्यावेत, अशी सोय आहे. अपेक्षा मात्र मापात ठेवायला हव्यात. अंतरातील बारकावा पट्ट्याच्या रुंदीवर अवलंबून असतो, आणि १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दीड मीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू अंतरावरून वेगळ्या करता येत नाहीत. म्हणजे टॉवरला कोणीतरी चालत आहे हे कळेल, पण आई आणि तिचा हात धरून चालणारे मूल ही दोन माणसे आहेत, हे तेवढ्यावरून कळणार नाही.

प्रत्यक्ष रस्त्यांवरील अनुभवात रस्त्याकडेच्या संवेदकांचे पारडे जड दिसते. जपानमध्ये २०१५ पासून ७६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालणारी सेवा चौकातील संवेदकांना आढळलेली समोरून येणारी वाहने आणि पादचारी यांची सूचना उजवीकडे वळणाऱ्या चालकाला देते. म्युनिकच्या उत्तरेस ए-९ महामार्गावर कमानींवर कॅमेरे आणि रडार बसवून रस्त्याचे संगणकीय प्रतिरूप उभारण्याचा प्रकल्प तेथील तांत्रिक विद्यापीठाने चालवला. उंचावरचा संवेदक ट्रकच्या पलीकडे पाहू शकतो, त्याचे स्थान कायमचे ठाऊक असल्याने जागेची चूक बरीच कमी होते, आणि वाहनांत यंत्रणा पसरण्याची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून प्रत्येक सुसज्ज वाहनाला त्याचा उपयोग होतो.

भारताच्या दृष्टीने हा मुद्दा निर्णायक आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवर होती आणि सुमारे १९.५ टक्के पायी चालणारी होती. म्हणजे ज्यांच्याजवळ रेडिओ असण्याची शक्यता सर्वांत कमी, तेच येथे सर्वाधिक मरतात, आणि वाहनांनी स्वतःविषयी बोलण्याच्या पद्धतीने त्यांच्यासाठी काहीही होणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाहतूक नियंत्रणासाठी कॅमेरे उभे आहेत; त्यांचे खांब, वीज आणि तारा हा या कामाचा खर्चिक पाया असतो, आणि बोरघाटासारख्या ठिकाणी पावसाळ्याच्या धुक्यात वळणाआड मंद गतीने चढणारा ट्रक मागून येणाऱ्याला कळवायचा, तर त्याच खांबांवर धुक्यातून पाहणारे रडार आणि संदेश प्रसारित करणारे केंद्र जोडता येईल. दंड करणारा कॅमेरा आणि सावध करणारा संवेदक यांच्या गरजा मात्र वेगळ्या आहेत, कारण पहिल्याला वाहनाचा क्रमांक हवा असतो आणि थोडा उशीर चालतो, दुसऱ्याला क्रमांकाशी कर्तव्य नसते पण दशांश सेकंदाचा उशीरही चालत नाही.

त्यासाठी संवेदकाला येथील रस्ता ओळखता आला पाहिजे. हैदराबादच्या आयआयआयटीने तयार केलेल्या भारतीय रस्त्यांच्या माहितीसंचात रिक्षा आणि जनावरे हे स्वतंत्र वर्ग आहेत, परंतु त्यातली दहा हजार चित्रे एकेकट्या वाहनातून टिपलेली आहेत, आणि सामूहिक आकलनाला तोच चौक एकाच क्षणी अनेक जागांवरून पाहिलेला हवा असतो. गळिताच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातील रस्त्यांवर रात्री दोन-दोन ट्रॉल्या ओढत जाणारा उसाचा ट्रॅक्टर पाठीमागून रडारला एक वस्तू दिसेल की तीन, त्याच्या बाहेर आलेल्या उसाच्या मोळीला लायडार वाहनाचा भाग समजेल की झाडी, आणि दोन केंद्रांनी त्याची दोन वेगवेगळी लांबी कळवली तर मागच्या मोटारसायकलस्वाराला इशारा देणाऱ्या यंत्राने कोणती धरावी, याची उत्तरे म्युनिकच्या महामार्गावरून किंवा बीजिंगच्या चौकांतून मिळणार नाहीत; ती सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर, हंगामात, रात्रीच्या वेळी मोजमापे घेऊनच मिळवावी लागतील.